सिरॅमिकने खडी अडत नाही
नव्या गाडीला रंग वाचवणारी फिल्म लावणे म्हणजे निव्वळ चोचले, सिरॅमिक कोटिंग पुरे, असे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचे म्हणणे. इथेच गल्लत होते. सिरॅमिकचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा. चकाकी येते, धूळ चटकन निघते, बस्स. पॉलियुरेथेनची फिल्म १५० ते २०० मायक्रॉन जाड, मार तीच खाते. राजाजीनगरहून तुमकूर रोडने बेळगाव-कोल्हापूरला निघालात की पुढच्या डंपरची खडी बॉनेटवर टणकन आपटते, रंगाचा टवका उडतो. म्हणून बॉनेट, पुढचा बंपर, आरसे एवढेच झाका. अख्खी गाडी गुंडाळा म्हणणारा दुकानदार (असे बरेच भेटतात) स्वतःचा गल्ला बघतो. फिल्म मात्र संगणकावर आधीच कापलेली मागा. गाडीवर ठेवून कापली तर पात्याचा ओरखडा रंगावर उठतो.
– एक वाचक, राजाजीनगर, बंगळुरू