रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस

सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत एकच प्रश्न कानावर पडतो: रिपोर्ट आला का? कुणी अक्कलकोटहून आलेलं असतं, कुणी मंगळवेढ्याहून, तर कुणी पूर्व भागातल्या विडी कामगाराच्या घरातून, जिथे हजार विड्यांवर मजुरी ठरते आणि दवाखान्यात गेलेला दिवस बिनमजुरीचा जातो. आईच्या गाठीचा तुकडा तपासायला गेलेला असतो. घरात सिद्धेश्वराला नवस बोललेला असतो. आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगतो, पॉझिटिव्ह राहा.

हा सल्ला कितीही मायेचा असला तरी पोकळ आहे. बोस्टनमधल्या डॉक्टरांनी बायोप्सी झालेल्या स्त्रियांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, तपासलं होतं. त्यांचा अभ्यास २००९ मध्ये ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात आला. कर्करोग निघालेल्या स्त्रिया आणि अजून निश्चित निदान न झालेल्या स्त्रिया यांच्या शरीरावरचा ताण सारखाच दिसला. माहीत नसणं हेही शरीराला सोसावं लागतं.

तरीही याच दिवसांत अनेक कुटुंबांना कृतज्ञता सापडते. ती उपदेशातून येत नाही, माणसं दिसू लागतात तेव्हा येते. शेजारीण न विचारता डबा पाठवते. वर्षानुवर्षं न बोलणारा भाऊ रात्री दवाखान्यात थांबायला येतो. एखादी सिस्टर आईला तिच्याच भाषेत हाक मारते, आणि आईचा चेहरा सैल होतो.

काही माणसं मात्र दिसतच नाहीत. काढलेला तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरावा लागतो. मग त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात, केसाहूनही पातळ काप घेतात, ते रंगवतात, आणि मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शंका आली तर आणखी चाचण्या होतात. हाडाचा तुकडा असेल तर तो आधी मऊ करावा लागतो, त्यात आणखी दिवस जातात. रिपोर्टला उशीर म्हणजे काहीतरी वाईटच, अशी घरोघरी समजूत असते. पण पलीकडे कुणीतरी घाई न करता आपल्या आईचं काम करतंय, हे कळलं की त्याच उशिराकडे बघायची नजर बदलते. एवढं समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतात.

अशा न दिसणाऱ्या माणसांच्या ऋणाची मुळं याच भागात खोलवर आहेत. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या पथकाने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक निरोगी स्त्रियांचा त्यात समावेश होता. एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीमुळे त्या गटातले या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हा निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाचला. काही दुखत नसताना शेतातलं काम टाकून त्या बायका तपासणीला आल्या होत्या. आज चाचणीसाठी रांगेत उभ्या असलेल्या कितीतरी लेकींवर त्यांचे उपकार आहेत.

एक गोष्ट मात्र खटकते. सगळ्यांचे आभार मानणारं घर नेमकं आईशीच बोलत नाही. ‘तिला सांगू नका, हाय खाईल,’ असं ठरतं. मुलं व्हरांड्यात कुजबुजतात, आणि आत आईला सगळं उमगलेलं असतं. तिने विड्या वळून आपल्याला शिकवलं, हे तिला सांगायचं राहूनच जातं. तिला किती ऐकायचंय ते तिलाच विचारावं. तिने नको म्हटलं तर तिचं ऐकावं, पण तिच्यासाठी परस्पर ठरवू नये.

रुग्णालयांकडून मागणं छोटं आहे. तुकडा घेताना दिलेल्या चिठ्ठीवर रिपोर्टची अंदाजे तारीख आणि कुणाला भेटायचं त्याचं नाव लिहावं. तारीख लांबली तर फोन करावा. हे काम सुरू करायला नव्या इमारतीची गरज नाही, उद्याच्या ओपीडीपासूनही ते होऊ शकतं.