वाळवंटातील डोळे आणि शहरातील खाटा

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही आता नेत्रवैद्यकातील अगदी नित्याची गोष्ट झाली आहे. डोळा बधिर करायचा, गढुळलेले भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली की माणसाला पुन्हा नातवंडांचे चेहरे दिसू लागतात. अर्ध्या तासाचे काम. सरकारी रुग्णालयात हे काम विनामूल्य होते, अशा संपन्न देशांत ऑस्ट्रेलियाची गणना होते. तेव्हा त्या देशात मोतीबिंदूमुळे कोणी आंधळे राहू नये, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. वस्तुस्थिती मात्र निराळी आढळली. २००८ साली तेथील आदिवासींच्या दृष्टीची देशव्यापी पाहणी झाली. चाळिशी ओलांडलेल्या आदिवासींमधील अंधत्वाचे प्रमाण इतर ऑस्ट्रेलियनांच्या सहापट होते. केवळ मोतीबिंदूमुळे आलेल्या अंधत्वाचा हिशेब केला, तर ते बारापट भरले.

याच पाहणीतील आणखी एक निष्कर्ष या आकड्यांहून अधिक विचार करायला लावणारा आहे. आदिवासी मुलांची दृष्टी इतर मुलांपेक्षा चांगली असल्याचे तीत दिसून आले. म्हणजे निसर्गाने या लोकांना देताना हात आखडता घेतलेला नाही. उत्तम डोळे घेऊन जन्माला आलेले मूल चाळिशी-पन्नाशीत चाचपडू लागते, ते मधल्या काळात त्याच्या वाट्याला जे येते आणि जे येत नाही त्यामुळे. आणि दृष्टी गमावलेल्यांपैकी ९४ टक्के लोकांचे नुकसान टाळता येण्याजोगे किंवा उपचारसाध्य होते, असेही त्या पाहणीने सांगितले. आंधळेपणाला नशिबाचे नाव देण्याची सोयच तिने ठेवली नाही.

या प्रश्नाचा इतिहास नवा नाही. १९६८ मध्ये सिडनीतील नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज उत्तर भागातील वॅटी क्रीक येथे गेले. जमिनीसाठी व मजुरीसाठी मळेवाल्यांशी दोन वर्षे झगडणारे गुरिंजी लोक तेथे तळ ठोकून होते. त्यांच्या डोळ्यांत हॉलोज यांना जे दिसले ते पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ हद्दपार झालेले होते. खुपऱ्यांचा तो रोग. लहानपणी पुनःपुन्हा संसर्ग होतो, पापणीची आतली बाजू खरबरीत होऊन आकसते, पापणीचे केस आत वळतात आणि वर्षानुवर्षे बुबुळाला घासत राहून अखेर दृष्टी घेऊन जातात. एके काळी गोऱ्या वसाहतवाल्यांनाही हा रोग जडत असे. चांगली घरे, नळाचे पाणी आणि धुतलेले चेहरे यांच्या योगाने तो त्यांच्यातून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नाहीसा झाला. ज्यांच्यापर्यंत नळ पोहोचला नाही, त्यांच्यात तो राहिला.

१९७६ साली हॉलोज यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय मोहीम निघाली. (आपल्याकडील राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा आरंभही त्याच वर्षीचा.) दोन वर्षांत ४६५ वस्त्या पालथ्या घातल्या गेल्या, सुमारे १,००,००० लोकांचे डोळे तपासले गेले, २७,००० जणांवर खुपऱ्यांचे उपचार झाले आणि सुमारे १,००० शस्त्रक्रिया पार पडल्या. वस्त्यांमध्ये अगोदर जाऊन बोलणारे आदिवासी कार्यकर्ते हे या मोहिमेचे खरे बळ होते. अनोळखी गोऱ्या डॉक्टरापुढे वृद्ध स्त्रीने डोळा उघडावा यासाठी कोणीतरी आपल्या माणसाने तिच्या भाषेत शब्द टाकावा लागतो. १९७७ साली क्वीन्सलंड राज्यात मात्र या कार्यकर्त्यांवर आदिवासींची नावे मतदार यादीत नोंदवीत असल्याचा ठपका ठेवून तेथील सरकारने आरडाओरडा केला आणि त्या राज्यातील काम काही काळ थांबवावे लागले. डोळे तपासणारा माणूस मतदाराची नोंदही करतो, यात सत्ताधाऱ्यांना भय वाटावे, हे त्यांच्या सत्तेविषयी बरेच काही सांगून जाते.

मोहिमेचे यश निर्विवाद होते. परंतु मोहीम संपते आणि रोग मागे राहतो. मोतीबिंदू दरवर्षी नव्या माणसाला होतो. त्यात आता मधुमेहाची भर पडली आहे. २००८ च्या पाहणीत प्रौढ आदिवासींपैकी ३७ टक्के लोकांना मधुमेह असल्याचे दिसले, आणि वर्षातून एकदा व्हावयाची डोळ्यांची तपासणी त्यांच्यापैकी फक्त २० टक्क्यांचीच झाली होती. मधुमेहाने दृष्टिपटलाचे होणारे नुकसान वेळीच लेसरने थोपवता येते. उशीर झाला तर गेलेली दृष्टी परत आणता येत नाही. अशा रोगासाठी तंबू ठोकून चालत नाही. त्याला वर्षाचे बाराही महिने उघडे असलेले दार लागते.

आणि हे दार कोठे आहे? मध्य ऑस्ट्रेलियातील वाळवंटी वस्त्यांसाठी ते आहे ॲलिस स्प्रिंग्जच्या रुग्णालयात. किंटोर ही वस्ती तेथून सुमारे ५०० किलोमीटर दूर. तेथील वृद्धाला आधी वस्तीवरील दवाखान्यात कोणी तरी तपासले पाहिजे, मग फिरत्या नेत्रतज्ज्ञाच्या फेरीची वाट पाहिली पाहिजे, मग रुग्णालयाच्या प्रतीक्षायादीत नाव लागले पाहिजे. यादीत क्रमांक आला, की ते पत्र त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. आणि तो त्या आठवड्यात नातेवाइकाच्या अंत्यविधीसाठी दुसऱ्या वस्तीवर गेलेला नसला पाहिजे. मग वाहन, शहरात राहण्याची सोय, सोबतीला माणूस, दुभाषा. तेथील नेत्रतज्ज्ञांनी या प्रवासाला गळक्या नळाची उपमा दिली आहे. प्रत्येक सांध्यातून थोडे पाणी गळते, आणि टोकाला तोटीतून थेंबही पडत नाही. एखादाच सांधा बुजवून काय होणार?

रुग्णालयाच्या नोंदवहीत अशा माणसापुढे ‘आला नाही’ एवढाच शेरा पडतो. जणू दोष त्याचाच! पण ज्या पिढीच्या आठवणीत आदिवासी रुग्णांसाठी वेगळ्या खोल्या व ओसरीवरच्या खाटा आहेत, आणि सरकारी माणूस घरी आला की मुलाला घेऊन जाईल ही धास्ती आहे, तिने रुग्णालयाच्या पायरीवर घुटमळावे यात नवल कसले? म्हणूनच १९७१ साली सिडनीच्या रेडफर्न भागात आदिवासींनी स्वतः चालवलेला दवाखाना निघाला, आणि त्या धर्तीवर देशभर तसे दवाखाने उभे राहिले. लोक तेथे जातात, कारण दारात बसलेला माणूस त्यांच्यातला असतो. शस्त्रक्रियेची खोली मात्र अजून मोठ्या रुग्णालयातच आहे.

काही सुधारणा झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. ॲलिस स्प्रिंग्जला दूरच्या वस्त्यांतील रुग्णांना एकत्र आणून सलग शस्त्रक्रिया करण्याचे आठवडे ठरवले जाऊ लागले. वाहन, निवास, दुभाषा यांची जुळणी एकदाच करता येते, म्हणून ते यशस्वी झाले. २०१२ साली ४२ शिफारशींचा आराखडा पुढे आला. २०१६ च्या पाहणीत दृष्टिदोष व अंधत्वातील सहापटीची दरी तिपटीवर आली होती. तरीही तिप्पट ही समाधानाची संख्या नव्हे.

एक विसंगती येथे नोंदवण्याजोगी आहे. हॉलोज यांच्या नावाच्या संस्थेने १९९४ मध्ये नेपाळ व एरिट्रिया येथे कृत्रिम भिंगांचे कारखाने उभारले आणि काठमांडूत बनलेले स्वस्त भिंग गरीब देशांतल्या असंख्य डोळ्यांत बसले. हॉलोज १९९३ सालीच वारले. त्यांना त्यांच्या इच्छेनुसार न्यू साउथ वेल्सच्या अंतर्भागातील बर्क या गावी पुरले. ज्या गावांतून त्यांनी कामाला आरंभ केला त्यांपैकीच ते एक. हिमालयाच्या पायथ्याशी अर्ध्या तासात जे साधते, ते साधण्यासाठी बर्कच्या परिसरातील म्हातारीने किती महिने थांबावे, याचा जाब कॅनबेराच्या आरोग्य खात्याला आणि राज्यांच्या रुग्णालयांना दरवर्षी संसदेत विचारला गेला पाहिजे. तो विचारताना किती शस्त्रक्रिया झाल्या एवढाच आकडा मागून भागणार नाही. यादीत नाव असूनही जे आलेच नाहीत, त्यांचाही आकडा मागावा लागेल, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाला आणायला गाडी गेली होती काय, हेही.