गाळ उपसणाऱ्याला आधी विचारा!

संसदेने २०१६ साली कायदा करून देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरवले आणि त्या यादीत १०० वा क्रमांक आमच्या तापीमाईला दिला. हतनूर धरणापासून खंभातच्या आखातापर्यंत ४३६ किलोमीटर! या वाटेवर सुलवाडे, सारंगखेडे आणि प्रकाशे येथील बॅरेज आडवे पडले आहेत, उकाईची अजस्र भिंत आहे, काकरापारचा बंधारा आहे. आणि मालाची बोट वर-खाली करणारा लॉक यांतल्या एकालाही नाही. बुऱ्हाणपूरच्या राजघाटापुढचा दगडी हत्ती पुरात बुडतो आणि उन्हाळ्यात कोरड्या खडकांत उघडा पडतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही दिसते. मुघल अमदानीत या शहराचे कापड याच नदीकाठच्या सुरत बंदराला जाई, तेही नदीतून नव्हे, बैलगाड्यांच्या तांड्यांतून. त्या काळच्या व्यापाऱ्याला जे उमगले होते, ते आजच्या राज्यकर्त्यांना उमगत नाही. कारण नदीत उतरणाऱ्याला आधी विचारण्याची रीतच या कारभारात नाही.

तापी समुद्राला मिळते त्या आखातात काय घडले, तेही जनतेने पाहावे. घोघा-दहेज रो-रो, म्हणजे वाहनांसकट बोटीने नेण्याच्या, सेवेचा पाया २०१२ साली घातला गेला, ऑक्टोबर २०१७ मध्ये वाजतगाजत तिचे उद्घाटन झाले, ६१५ कोटींचा प्रकल्प म्हणून ढोल बडवले गेले. दहेज नर्मदेच्या मुखाशी आहे. नर्मदा गाळ आणते, आखाताची दहा मीटरच्या घरातली भरती तो घुसळत राहते, आणि ड्रेजरने उपसलेल्या जागी तो पुन्हा येऊन बसतो. बोटीला लागणारी खोली टिकेना, फेऱ्या बंद पडल्या, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सेवा दहेज सोडून तापीच्या मुखाशी, हजिऱ्याला न्यावी लागली. धक्का उरला, पाणी गेले.

हे असे का होते? वातानुकूलित खोलीत बसून सल्लागार अहवाल लिहितो, त्या अहवालावर अभियंता अंदाजपत्रक रचतो, त्या अंदाजपत्रकाच्या जोरावर मंत्री कुदळ मारतो, निविदा निघते, सर्वांत कमी दराचा कंत्राटदार निवडला जातो, आणि मग कुठे, आराखड्याची शाई वाळून वर्षे लोटल्यावर, पहिला ड्रेजर पाण्यात उतरतो, पहिली पाइल खडकाला लागते आणि साऱ्यांना कळते की अहवालातला तळ वेगळा आणि नदीचा तळ वेगळा. तिथून पुढे वाढीव खर्च, मुदतवाढ, लवाद. भुर्दंड तुमच्या-आमच्या खिशाला!

कंत्राटदाराला आराखड्याआधीच विचारा, असे म्हटले की साहेबमंडळी सोवळे नेसून उभी राहतात. कंत्राटदाराला आराखड्याच्या टेबलाशी बसवले तर म्हणे स्पर्धा मरेल, भ्रष्टाचार माजेल! दिवाळीला ज्यांच्या दारी हाच कंत्राटदार मिठाईचे खोके घेऊन उभा असतो, ज्यांच्या निविदांतल्या अटी एखाद्याच्याच मापाने बेतलेल्या निघतात, त्यांनी आम्हाला शुचितेचे धडे द्यावेत? मागच्या दाराने आलेला कंत्राटदार यांना चालतो, पुढच्या दाराने आलेला खपत नाही. कारण उघड आहे. दिवसाढवळ्या विचारले तर त्याचे म्हणणे कागदावर येईल, आणि ‘इथे धक्का टिकणार नाही’ असे कागदावर आले की ते डावलणाऱ्याला खाली सही करावी लागेल. यांची गाळण उडते ती त्या सहीच्या धास्तीने.

आधी जमीन पारखावी आणि मग खोदावे, हे बुऱ्हाणपूरला शिकवायला परका कुणी नको. १६१५ च्या सुमारास, मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल हेरून आणि जमिनीचा उतार पारखून मगच कुंडी भंडारा या भूमिगत पाणीव्यवस्थेच्या कुंड्या खोदल्या गेल्या. पाणी निव्वळ उतारावर शहरात आले. चारशे वर्षांनंतरही ते वाहते आहे.

म्हणून आमची मागणी स्वच्छ आहे. गाळ उपसणारे, पाइल ठोकणारे आणि बोट हाकणारे तांडेल यांना जागा ठरवण्यापूर्वी, खुल्या जाहिरातीने, रीतसर मोबदला देऊन बोलवा. त्यांचा सल्ला जसाच्या तसा प्रसिद्ध करा. सल्ला देणाऱ्यालाच काम द्यायचे असेल तर त्याचा दर त्रयस्थाकडून तपासून घ्या. न पटल्यास खुली निविदा काढा. केवळ कमी दराला कवटाळण्याची सक्तीही आता उरलेली नाही; केंद्रीय अर्थखात्याने ऑक्टोबर २०२१ मध्येच बांधकामांच्या निविदांत दराबरोबर गुणवत्ता तोलण्याची वाट मोकळी केली आहे. आणि सल्ला झुगारून धक्का बांधणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव कोनशिलेवर मंत्र्याच्या नावाखाली ठळक अक्षरांत कोरा.

तापीच्या जलमार्गावर एक रुपयाही उधळण्याआधी हे झाले पाहिजे. नागरिकांनो, नदीकाठी भूमिपूजनाचा मांडव पडला की पुढे होऊन एकच विचारा: इथला गाळ कोण उपसणार, आणि त्याला तुम्ही कधी विचारलेत? उत्तर मिळाले नाही तर नारळ फोडू देऊ नका.