साधनाताईंचे हात

सन १९६७-६८ च्या सुमाराची गोष्ट असेल. मी सहा-सात वर्षांचा होतो. पंचवटीत माझी मावशी राहत असे आणि तिच्याकडे जाताना आई मला घेऊन रामकुंडावरून जाई. त्या काळी कुंडाच्या पायऱ्यांशी महारोगी ओळीने बसलेले असत. हातापायांना चिंध्या गुंडाळलेल्या, बोटे झडलेली, पुढे एक फडके पसरलेले. आई पदराची गाठ सोडून पाच पैशांचे नाणे काढी आणि फडक्यावर वरूनच टाकी. त्याच क्षणी माझ्या मनगटावरची तिची पकड एवढी घट्ट होई की मावशीकडे पोहोचेपर्यंत मनगटावर वळ दिसे. आत शिरण्यापूर्वी ती मला हातपाय दोनदा धुवायला लावी.

माझी आई निर्दय नव्हती. पक्ष्यांना दाणे घातल्यावाचून तिने कधी सकाळचा चहा घेतला नाही. ती फक्त आई होती आणि तिला आपले मूल वाचवायचे होते.

ती पकड आठवली की मला साधनाताई आमटे आठवतात. त्याही आईच होत्या. त्यांनी मात्र आपली दोन तान्ही मुले ज्या ठिकाणी नेली, तिथे चारी बाजूंना हेच रुग्ण होते.

नागपूरच्या घुले घराण्यात १९२६ साली त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव इंदू. घर विद्वान शास्त्र्यांचे, सोवळ्याओवळ्याचे. घरात लग्नाची धामधूम चालू असताना ही मुलगी पाहुण्यांतून हळूच निसटली आणि एका म्हाताऱ्या मोलकरणीला धुणे धुऊ लागली. लग्नाला आलेल्या मुरलीधर देवीदास आमटे या दाढीवाल्या वकिलाने ते पाहिले आणि तिथेच मनाशी निश्चय केला. डिसेंबर १९४६ मध्ये त्यांचा विवाह झाला व इंदूची साधना झाली. स्थळ पाहायला गेलेल्या मंडळींना मुलीतले नेमके काय पाहावे हे कळत नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे. आमटे वकिलांना ते कळले होते.

वरोऱ्यात एका पावसाळी दिवशी बाबांना तुळशीराम हा कुष्ठरोगी गटारीकडेला पडलेला दिसला. त्या देहाचे रूप पाहून बाबा घाबरून पळाले, पुढे स्वतःच्या भीतीचीच लाज वाटून परतले आणि त्यांनी त्याची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. ही कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. १९४९ मध्ये बाबा कलकत्त्याच्या ‘स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’मध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेण्यास गेले आणि जंतू टोचून घेण्यासाठी त्यांनी स्वतःचे शरीर पुढे केले. हेही आपण वाचलेले असते. बँकेत आम्हांला प्रत्येक जमेसमोर नावेची बाजू शोधण्याची सवय लागली. त्या सवयीने मी विचार करतो, तेव्हा दिसते की त्या वेळी मोठा मुलगा विकास दोन वर्षांचाही झालेला नव्हता आणि प्रकाश तर जेमतेम काही महिन्यांचा होता. प्रयोग यशस्वी झाला असता, तर त्याची रक्कम कोणाच्या खात्यावर पडली असती, हे सांगायला नको. सुदैवाने जंतू त्यांच्या शरीरात वाढले नाहीत.

१९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या पन्नास एकर खडकाळ रानात आनंदवन सुरू झाले. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढेच भांडवल. कोणत्याही शाखाधिकाऱ्याने या प्रकल्पास कर्ज मंजूर केले नसते, मीही केले नसते. पाणी नव्हते, विहीर खणावी लागली. साप, विंचू आणि वाघ होते. त्या रानात साधनाताईंनी संसार मांडला. स्वयंपाक, गाईगुरे, शेत आणि रुग्णांची सेवा ही कामे एकाच दिवसात, एकाच हाताने होत होती. विकास आणि प्रकाश रुग्णांच्या अंगाखांद्यावर वाढले.

हा रोग सहजासहजी जडत नाही, बहुसंख्य माणसांच्या शरीरात त्याला रोखण्याची उपजत शक्ती असते, हे आज आपण जाणतो. डॅप्सोनसारखी औषधे तेव्हा नुकतीच येऊ लागली होती. बहुविध औषधांची खात्रीची उपचारपद्धती तर १९८२ नंतरची. १९५१ साली एका तरुण आईपाशी ही खात्री कोठून असणार? आनंदवनात पिकलेली भाजी वरोऱ्यातील लोक विकत घेत नसत. १९५४ मध्ये ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे परदेशी तरुण तिथे राबले, तिथलेच अन्न जेवले, तेव्हा कोठे गावाची भीड चेपली. साधनाताईंची मुले त्याआधीपासून तीच भाजी खात होती.

रूढ अर्थाने त्या परिचारिका नव्हत्या. परंतु कुष्ठरुग्णांची सेवा म्हणजे काय, हे समजून घेतल्यावाचून त्यांचे मोल कळणार नाही. या रोगात मज्जातंतू बधिर होतात. चुलीवरचे भांडे हातात भाजत राहिले तरी रुग्णाला कळत नाही, तळपायात काटा रुतला तरी तो चालतच राहतो. वेदना नसल्यामुळे जखमेकडे दुर्लक्ष होते, आणि म्हणूनच ती वाढते. ती दुसऱ्या कोणीतरी पाहावी लागते, धुवावी लागते, कुजलेला भाग काढून पट्टी बांधावी लागते आणि उद्या पुन्हा सोडावी लागते. तुळशीरामापाशी परत जाणे हे एका दिवसाचे धैर्य होते. रोजच्या पट्टीचे काम वर्षानुवर्षांचे असते व त्याची बातमी होत नाही.

आपल्याकडे आभ्यंतर तपांत वैयावृत्त्य सांगितले आहे आणि सम्यक्त्वाच्या आठ अंगांत निर्विचिकित्सा. रुग्ण मुनींची ओकारी स्वतःच्या हातांनी स्वच्छ करणाऱ्या उद्दायन राजाची कथा पर्युषणात मी कितीदा तरी ऐकली. प्रत्येक वेळी मान डोलावली आणि घरी आलो.

बाबांचे मणके पुढे इतके खराब झाले की त्यांना बसता येईनासे झाले. एकतर उभे राहायचे नाहीतर पडून राहायचे. याच अवस्थेत त्यांनी १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत भारत जोडो यात्रा काढली आणि १९९० मध्ये आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला दीर्घ मुक्काम ठोकला. उभारलेले घर सोडून, साठी ओलांडलेल्या साधनाताई पुन्हा एका झोपडीत रुग्णाईत पतीसह राहिल्या. पद्मविभूषण, मॅगसेसे, टेंपल्टन हे सन्मान बाबांच्या नावे आले, ते उचितच होते. पण पडून असलेल्या माणसाला कुशीवर वळवणारे हात कोणत्याही मानपत्रात नसतात. साधनाताईंनी ‘समिधा’ हे आत्मकथन लिहिले नसते, तर आपल्याला त्या बाबांच्या शेजारी उभ्या असलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बाई म्हणूनच ठाऊक राहिल्या असत्या.

९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा गेले. त्याच वर्षी प्रकाश व सूनबाई मंदाकिनी यांना हेमलकशाच्या कामासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो पाहायला त्या होत्या. दोन्ही मुलगे डॉक्टर झाले, दोन्ही सुना डॉक्टर आल्या आणि चौघांनीही हेच काम पत्करले. ९ जुलै २०११ रोजी आनंदवनातच साधनाताईंनी देह ठेवला. वय पंच्याऐंशी.

त्यानंतर आठ वर्षांनी, २०१९ मध्ये, जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण आपल्या विवाह कायद्यांतून वगळण्यात आले. हिंदू विवाह कायदा आपणा जैनांनाही लागू आहे. म्हणजे ज्या आजारासाठी साधनाताईंनी आपले घर उघडले, त्याच आजारासाठी १९५५ पासून चौसष्ट वर्षे आपल्यापैकी कोणालाही कायद्याने घर मोडता येत होते.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील पहिला रविवार नाशिककर विसरणार नाहीत. गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला. माझी आई त्या वेळी त्र्याऐंशी वर्षांची होती आणि खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणावर होती. पाठीला जखम झाली होती. रोज ब्युरोची बाई येई, तिला पलीकडून येता आले नाही. पत्नी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेली. घरी मी एकटा. पाच महिने मी त्या खोलीच्या दारात उभा राहून ‘औषध घेतले का?’ एवढेच विचारत आलो होतो. बिले मात्र वेळेवर देत होतो.

दुपारी मी गरम पाणी घेतले, पट्टी सोडली. वास असह्य होता. माझे हात थरथरत होते. आईच्या ते लक्षात आले असावे. तिने मान वळवली, माझे मनगट धरले आणि म्हणाली, ‘‘तू नको रे बाळा, बाई येईल उद्या.’’ त्या पकडीत आता काही जोर नव्हता. मी दुसऱ्या हाताने पाण्याचे भांडे जवळ ओढले.