दुसरा भोंगा

“मी फेसबुक बंद केलं बाई!” हे आपण हल्ली एकमेकींना कडक उपवास धरल्यासारखं सांगतो. पंधरा दिवसांनी तीच मैत्रीण पुन्हा तिथे दिसली की मग तिची थट्टा होते. मला ही थट्टा पटत नाही. ती परत आली यात लाजण्यासारखं काय आहे? येताना तिने मनाशी काही ठरवलंय का, एवढंच विचारावं.

‘मोबाइल ठेव बाजूला’ हे सांगणं ज्यांची माणसं अवतीभवती आहेत त्यांना सोपं. आमच्या द्रोणागिरीत नवऱ्याच्या नोकरीमागे कुठून कुठून आलेल्या बायका आहेत. नव्या इमारती, बंद दारं. ना ओटा, ना अंगण. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंतच्या लोकलमार्गाचं उद्घाटन झालं. त्याआधी गाडी खारकोपरलाच थांबायची, त्यामुळे माहेरचं माणूस यायचं तरी कसं? आईचा चेहरा दिसायचा तो फोनवरच. पाणी कधी येणार तेही सोसायटीच्या ग्रुपवरच कळतं. अशा बाईने फोन सोडला तर ती एकटी पडेल, दुसरं काय!

म्हणून मला सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचं वडगाव आवडतं. करोनात शाळा मोबाइलवर आली आणि शाळा उघडल्या तरी पोरांच्या हातातला मोबाइल काही सुटेना. तेव्हा १४ ऑगस्ट २०२२ ला गावातल्या बायकांच्या सभेत ठरलं, भोंगा आणायचा. तो देवळावर बसवला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की टीव्ही, मोबाइल बंद. आधी पुरुष हसले होते म्हणे! पण आशाताई, अंगणवाडीसेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. आणि ऐन मालिकांच्या वेळेला टीव्ही बंद करायचा म्हणजे आयांनीही आपलं काही सोडलंच की.

बातम्या झाल्या त्या सातच्या भोंग्याच्या. मला मात्र साडेआठचा महत्त्वाचा वाटतो. बंदी संपली, आता खुशाल बघा, असं सांगणारा तो दुसरा भोंगा. गावाने मोबाइलला शत्रू ठरवलं नाही, त्याची वेळ ठरवली.

आपली अडचण वेगळी आहे. आपण सलग दीड तास कुठे बसतो? कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे फोन उघडतो. उघडला बहिणीचा निरोप बघायला, आणि भाजी करपेपर्यंत रील चालूच. मालिकेला निदान ‘क्रमशः’ तरी असायचं, रीलला तेही नाही. तेव्हा कशासाठी उघडतेय हे आधी स्वतःशी बोलावं, चक्क मोठ्याने. निरोप वाचला, उत्तर दिलं, की फोन फ्रिजवर.

वडगावात जमलं, कारण सगळ्यांनी एकदम बंद केलं. एकटीने बंद केला तर “होतीस कुठे?” हे आहेच. म्हणून हे इमारतीतल्या बायकांनी मिळून करावं. ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्येच दिली आहे. पाणी, लिफ्ट, वर्गणी यांचा एक ग्रुप तसा करून टाका आणि गप्पांचा वेगळा ठेवा. म्हणजे पाण्याची वेळ बघायला ‘शुभ सकाळ’ची पन्नास फुलं ओलांडावी लागणार नाहीत. ज्यांना फुलं हवीत त्यांनी ती गप्पांच्या ग्रुपवर हवी तेवढी उधळावीत.