सांता क्लाराची झडती आणि आपल्या पणजोबांचे तिकीट

दिवाळीच्या फराळाला आम्ही एका नातलग बाईंकडे गेलो होतो. त्यांचा मुलगा अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यातील सांता क्लारा परगण्यात संगणकाच्या कामावर आहे. चकली पुढे करता करता बाईंनी मुलाची हकीगत सांगितली. रात्री कामावरून घरी परतताना पोलिसांनी त्याची गाडी थांबविली. मागचा एक दिवा लागत नव्हता. लायसन पाहून झाले, गाडीचे कागद पाहून झाले, तरी पोलीस हलेना. गाडीत आणखी काय आहे, जरा पाहिले तर चालेल ना, असे त्याने विचारले. मुलगा घाबरून 'हो' म्हणाला. नाही म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे, हे त्याला ठाऊकच नव्हते. पाऊण तास तो थंडीत रस्त्याच्या कडेला उभा होता. गाडीत जेवणाचा डबा आणि एक छत्री निघाली. दिव्याबद्दल ताकीद देऊन त्याला सोडून दिले.

हे सारे फोनवर ऐकून आईने विचारले, "अरे, पण आपण इंडियन आहोत, हे सांगितलं नाहीस का त्यांना? त्यांना वाटलं असेल, तू तिकडच्या काळ्यांपैकी आहेस!"

वाचकहो, खरे सांगावयाचे तर आमच्याही मनात प्रथम हाच प्रश्न आला होता. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

सांता क्लारा हे शहराचे नाव आणि परगण्याचेही. सान होजे हे त्या परगण्याचे मुख्य शहर. सिलिकॉन व्हॅली म्हणून जगभर नाव झालेला मुलूख तो हाच. सनीव्हेल, क्युपर्टिनो, सांता क्लारा या गावांत भारतीय वंशाची इतकी कुटुंबे आहेत की तेथील पोलिसाला आपला चेहरा नवा नाही. मग त्या मुलाने ओळख सांगितली असती तर काय झाले असते?

कॅलिफोर्नियाने २०१५ साली एक कायदा केला. शर्ली वेबर या आमदारबाईंनी तो मांडला होता. पोलिसांनी कोणालाही थांबविले, की त्याची नोंद करावयाची: कोठे थांबविले, का थांबविले, झडती घेतली काय, काही सापडले काय, आणि थांबविलेला माणूस कोणत्या वंशाचा. मोठ्या खात्यांनी ही नोंद २०१८ पासून सुरू केली आणि २०२२ पासून ती राज्यातील सगळ्याच खात्यांवर आली. या नोंदीत वंशाचा रकाना भरताना पोलिसाने त्या माणसाला काहीही विचारावयाचे नाही, असा नियम आहे. पोलिसाच्या डोळ्यांना जे दिसले तेच लिहावयाचे. नियम करणाऱ्यांचे म्हणणे असे की, पोलीस वागतो तो समोरच्याला जे समजतो त्यावरून; तेव्हा नोंदही त्या समजुतीचीच हवी. आम्हांस हे पटते.

म्हणजे आईचे उत्तर तेथेच मिळाले. आपण कोण, हे त्या कागदाला नकोच आहे. शिवाय आपल्यासाठी तेथे वेगळा रकाना आहे कोठे? 'मध्यपूर्वेचा किंवा दक्षिण आशियाई' असा एकच रकाना आहे. त्यात रत्नागिरीचा, लाहोरचा आणि बगदादचा, सगळे एकत्र. आपल्या बेटावरचा, उसाच्या शेतात चार पिढ्या रापलेला मराठी मुलगा तर त्या पोलिसाला कृष्णवर्णीय वाटेल, मेक्सिकोचा वाटेल, नाहीतर अरब वाटेल. कागदावर माणसाचे नाव नसते, त्यामुळे त्या रात्री आपल्यावर कोणता शिक्का बसला हे त्या मुलाला कधीच कळणार नाही.

या नोंदींतून काय निघाले? २०२२ या एका वर्षात राज्यभर ४५ लाखांहून अधिक वेळा लोकांना थांबविण्यात आले. कृष्णवर्णीयांची वस्ती राज्यात शंभरात पाच-सहा. थांबविलेल्यांत मात्र त्यांचे प्रमाण शंभरात बारांहून जास्त. त्यांची झडतीही गोऱ्यांपेक्षा अधिक वेळा होते, आणि वर्षानुवर्षांचे अहवाल असे दाखवितात की, पोलिसाच्या मर्जीवर घेतलेल्या झडतीत त्यांच्याकडे काही सापडण्याचे प्रमाण गोऱ्यांहून कमीच असते. संशय खरा असता तर उलट झाले असते.

खुद्द सान होजेतही हा प्रश्न जुना आहे. तेथे थांबविलेल्या माणसाला रस्त्याच्या कडेला, फुटपाथच्या काठावर बसवून ठेवण्याची रीत होती. गुन्हा नाही, अटक नाही. येणारेजाणारे पाहत आहेत आणि माणूस गटारापाशी मांडी घालून बसला आहे. लॅडोरिस कॉर्डेल या उत्तर कॅलिफोर्नियातील पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश. सांता क्लारा परगण्याच्या न्यायालयातून निवृत्त झाल्यावर २०१० ते २०१५ या काळात त्या सान होजेच्या पोलिसांवरील स्वतंत्र तपासनीस होत्या. या बसविण्याचीही नोंद झाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता, आणि पुढे ती होऊ लागली. २०१७ साली टेक्सासमधील एका विद्यापीठाने सान होजेच्या नोंदी तपासल्या. झडती, उलटतपासणी, रस्त्याकडेला बसविणे, हे सारे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोकांच्या वाट्याला अधिक येते, असेच त्यातून दिसले.

कायदा पोलिसाच्या हाती किती दोर देतो हेही पाहू. १९९६ सालच्या एका निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वाहतुकीचा बारीकसा नियम जरी मोडला असेल तरी गाडी थांबविणे योग्यच. पोलिसाच्या मनात खरे कारण दुसरेच होते काय, हे त्यासाठी पाहावयाचे नाही. न लागणारा दिवा कोणाच्या गाडीला नसतो? निमित्त हवे तेव्हा सापडते.

याच कॅलिफोर्नियातली आणखी एक गोष्ट आम्हांस फार जवळची वाटते. सान दिएगो भागात एडवर्ड लॉसन नावाचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ होते. लांब जटा राखत आणि पायी फिरत. एवढ्यावरून १९७५ ते १९७७ या दोन वर्षांच्या आत त्यांना सुमारे पंधरा वेळा अडविले अथवा पकडले. त्या काळी राज्याचा कायदा असा होता की, विनाकारण हिंडणाऱ्याने पोलिसाला 'विश्वासार्ह' ओळख पटवून दिली नाही तर तो गुन्हा. विश्वासार्ह म्हणजे काय ते पोलीस ठरविणार! लॉसन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८३ साली तो कायदा रद्द झाला.

हे वाचताना आपल्या बेटावरील जुन्या मंडळींना काही आठवले काय? आपले पणजे-खापरपणजे मुंबई बंदरातून जहाजाने येथे आले, पाच वर्षांचे गिरमिट त्यांनी पुरे केले, आणि कायद्याने ते मोकळे झाले. पण १८६७ च्या मजूर कायद्याने या मोकळ्या माणसाला फोटो लावलेले तिकीट जवळ बाळगण्याची सक्ती केली, आणि शिवाय तो ज्या जिल्ह्यात राहतो तेथला पोलिसांचा पास. फ्लाकचा माणूस भावाच्या मुलीच्या लग्नाला साव्हानला निघाला आणि पास घरी विसरला, तर तो 'भटक्या'. त्याला वाटेत धरावयाचे. असे धरलेले लोक ग्रँड रिव्हरच्या डेपोत कोंडले जात. तिकीट मागणारा पोलीस चेहरा पाहूनच ते मागे. गोऱ्या मळेवाल्याला कोणी तिकीट विचारल्याचे ऐकिवात नाही.

१८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी याविरुद्ध गव्हर्नर गॉर्डन यांच्याकडे अर्ज केला. तो तयार करण्यात पुढाकार घेणारे आडोल्फ द प्लेवित्झ हे स्वतः गोरे होते, आणि त्यापायी इतर गोऱ्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. पुढे फ्रियर आणि विल्यमसन यांचे शाही कमिशन आले, १८७५ साली त्याचा अहवाल निघाला, आणि पोलिसांच्या या धरपकडीवर त्यात कडक ताशेरे होते. तिकिटांवरचे ते फोटो आजही मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेले आहेत. ज्यांनी आपल्या पूर्वजांचे कागद शोधले आहेत त्यांनी ते पाहिले असतील. घरी चौकटीत लावण्यासाठी आपण त्यांच्या प्रती आणतो. ते मुळात कशासाठी काढले गेले, हे मुलांना सांगतो का?

योगायोग असा की त्याच १८७१ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला, आणि सोलापूरच्या सेटलमेंटात तारेच्या कुंपणाआड माणसे हजेरी देऊ लागली. १९५२ साली तो कायदा गेला. तरी महाराष्ट्रात गावात चोरी झाली की पहिला संशय पारध्याच्या पालावर जातो, ही तक्रार आजही आहे. तेथे थांबविणारा मराठी आणि थांबणाराही मराठीच बोलणारा.

तेव्हा 'आम्ही इंडियन' हे सांगून सुटू पाहण्यात आमच्या बाईंची चूक कोठे झाली, हे आता स्पष्ट व्हावे. त्या वाक्याचा अर्थ असा होतो की खऱ्या काळ्या माणसाला अडविले असते तर हरकत नव्हती. आम्ही हे त्यांना हळूच बोलून दाखविले. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "माझं पोर थंडीत उभं होतं हो. तेव्हा मी दुसऱ्यांचा विचार कुठून करू?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तथापि आपल्या बेटाबद्दल बोलण्यास आम्हांस संकोच नाही. आज येथे पोलिसांचा गणवेश आपल्या लोकांच्याही अंगावर आहे. १९९९ च्या फेब्रुवारीत काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट पेटले, ते दिवस पन्नाशीच्या वाचकांना आठवत असतील. संध्याकाळी रोश ब्वाच्या वळणावर कोणाची मोटरसायकल थांबते आणि कोणाची मोटार पुढे जाते, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पाहावे. कॅलिफोर्नियासारखी वंशवार मोजणी येथे होणे कठीण आहे. १९७२ नंतरच्या जनगणनेत जमातीचा रकानाच नाही, आणि तो पुन्हा आणावा असेही आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याला थांबविले त्याच्या हाती जागा, वेळ, कारण आणि झडतीत काय मिळाले एवढे लिहिलेली एक चिठ्ठी द्यावयास कोणत्या रकान्याची गरज आहे? जागांची नावे एकत्र लावली, तरी पुष्कळ कळेल.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून नवा नियम लागू आहे: इतर प्रश्न विचारण्याआधी पोलिसाने थांबविण्याचे कारण सांगितले पाहिजे. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी हे त्यांना कळवावे. झडतीला संमती मागितली तर सभ्य शब्दांत नाही म्हणता येते, हेही कळवावे. आमच्या बाईंच्या मुलाने दिवा बदलून घेतला आहे.