शब्द आपले, वाक्य कुणाचे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि मराठी भाषकांची अनेक वर्षांची मागणी फळास आली. या निमित्ताने मराठीच्या प्राचीनत्वाची चर्चा झाली, तशीच तिच्यात शिरलेल्या इंग्रजी शब्दांची चिंताही पुन्हा एकदा व्यक्त झाली. ती चिंता रास्त आहे. परंतु ती शब्दांपाशीच थांबते. शब्द हे भाषेचे वस्त्र, तर वाक्यरचना हा तिचा अस्थिपंजर होय. वस्त्र बदलले की लगेच दिसते. हाडांतील बदल मात्र पुष्कळ उशिरा ध्यानी येतो.

वाक्यरचना बदलते ती का? संस्कृतात आठ विभक्ती आणि तीन वचने. कर्ता कोण, कर्म कोणते, हे पदाच्या रूपावरूनच कळत असल्याने पदांचा क्रम वक्त्याच्या इच्छेवर सोपविलेला होता. पतंजलींनी महाभाष्यात हे स्वातंत्र्य स्पष्टपणे मान्य केले आहे. पुढे प्राकृतात द्विवचन गेले आणि चतुर्थीचे काम षष्ठी करू लागली. अपभ्रंशात प्रथमा व द्वितीया यांतील भेदही पुसट झाला. जुने प्रत्यय झिजले, तसा ‘ने’, ‘ला’, ‘चा’, ‘हून’ असा नवा संच मराठीने उभा केला आणि क्रियापदाला वाक्याच्या शेवटी आपले हक्काचे स्थान मिळाले.

इंग्रजीवरही अशीच वेळ आली होती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तिप्रत्यय होते आणि पदक्रमही बराच सैल होता. ते प्रत्यय झिजले, तेव्हा अर्थाचा भार क्रमावर पडला. आज इंग्रजीत कर्ता आणि कर्म यांच्या जागांची अदलाबदल केली, तर अर्थच उलटतो. मराठीत मात्र ‘कुत्रा मुलाला चावला’ म्हणा किंवा ‘मुलाला कुत्रा चावला’ म्हणा, चावणारा कुत्राच राहतो. बदलतो तो केवळ रोख. हे स्वातंत्र्य हा मराठीने जपलेला वारसा आहे.

मराठीचा भूतकाळ पाहिला, तर बदलाचे आणखी एक रूप दिसते. संस्कृतातील ‘तेन ग्रन्थः पठितः’ ही रचना कर्मणी होती. शतकानुशतकांच्या वापराने तीच ‘त्याने ग्रंथ वाचला’ अशी साधी, सरळ रचना झाली. आजही क्रियापद कर्माशीच जुळते: त्याने ग्रंथ वाचला, पोथी वाचली, पुस्तक वाचले. मूळचा कर्मणी प्रयोग मराठीने असा पूर्णपणे पचविला. हा ऱ्हास नव्हे, हा विकास होय.

बाहेरून आलेले सारेच त्याज्य असते असेही नाही. ‘तो येईल असे त्याने सांगितले’ ही मराठीची जुनी घडण. ‘त्याने सांगितले की तो येईल’ ही रचना बहुतेक अभ्यासक फारसीच्या प्रभावाशी जोडतात. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द रूढ केले. हे ऋण मोठे आहे. परंतु कोश शब्द बदलतो. ‘की’ने जोडलेले वाक्य कोणत्याही कोशाच्या पकडीत आले नाही. ते मराठीत रुळले आणि आता परके वाटत नाही.

शब्द शाबूत राहूनही वाक्य कसे बदलते, याचे विलक्षण उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातील, भाषाशास्त्रात ‘कुपवार’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या गावाचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. तेथे मराठी, कन्नड व उर्दू बोलणारे समाज पिढ्यान्पिढ्या शेजारी नांदत होते. प्रत्येकाने घरची भाषा निष्ठेने जपली, शब्द आपापले ठेवले. पण रोजच्या व्यवहारात तिन्ही भाषांची वाक्यघडण इतकी जवळ आली की शब्दाला शब्द ठेवून एकीतून दुसरीत जाता यावे. ज्यांना आपली भाषा जशीच्या तशी आहे असे वाटत होते, त्यांच्याच तोंडी ती बदलली होती.

हीच प्रक्रिया आज घाईच्या भाषांतरातून मराठीत घडत आहे. फरक इतकाच की कुपवारात ती शेजाराच्या सहवासातून घडली. येथे ती आळसातून घडते. ‘मला मदत कर’ याऐवजी ‘माझी मदत कर’ हे हिंदीचे वळण. ‘ज्या मुलाने बक्षीस मिळविले तो हा’ याऐवजी ‘हा तो मुलगा आहे ज्याने बक्षीस मिळविले’ ही इंग्रजीची सावली. ‘पाहुण्यांनी दीप लावला’ हे सरळ वाक्य सोडून ‘पाहुण्यांच्या द्वारे दीप लावला गेला’ असे वृत्तांत लिहिले जातात. जो कर्मणी प्रयोग मराठीने शतकांपूर्वी पचवून सरळ केला, तोच परभाषेच्या दारातून पुन्हा आत घेणे, याला प्रगती कसे म्हणावे? यातील एकही शब्द परका वाटत नाही, म्हणूनच हा बदल कुणाला खटकत नाही.

भाषेला बदलू न देणे कुणाच्याही हाती नाही, आणि तसा आग्रह इष्टही नाही. कसोटी एकच असावी: नव्या रचनेने मराठीला एखादी नवी शक्ती दिली, की तिची आहे ती शक्ती हिरावली? ‘की’ आले, तरी ‘असे’ गेले नाही. म्हणून तो लाभ ठरला. ‘माझी मदत’ आल्याने ‘मला मदत’ मागे पडत असेल, तर ती हानीच.

ही कसोटी लावण्यासाठी पंडित असण्याची आवश्यकता नाही. कार्यक्रमाचे वृत्त लिहिणाऱ्या कार्यकर्त्याने ते एकदा मोठ्याने वाचावे. घरातील आजी असे बोलली असती का, एवढा प्रश्न स्वतःस विचारावा. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांशी पालकांनी रोज थोडा वेळ तरी पूर्ण मराठी वाक्यांत बोलावे. कारण शब्द कोशात सापडतात, वाक्य मात्र कानांनीच शिकावे लागते. अभिजाततेचा दर्जा शासनाने दिला; वाक्याचे मराठीपण घराघरांतच राखावे लागेल.